पावसाळ्यात टेरेन बोर्ड वाकतो: कारण कसे ओळखावे, कुठपर्यंत स्वतः दुरुस्त करावे

लक्षणे

टेरेन बोर्ड म्हणजे छोट्या सैनिकांच्या लढाईचा खेळ मांडण्यासाठी जमिनीचा देखावा केलेला बोर्ड. जून संपता संपता ठाणे-नवी मुंबईतल्या घरांमध्ये तो वाकल्याची तक्रार सुरू होते आणि ऑक्टोबरपर्यंत चालते. खालीलपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर दोष बहुतेक वेळा एकच असतो.

दोन बोर्ड शेजारी लावले की जोडावर पायरी पडते. मध्ये कडा जुळल्या तर कोपरे जुळत नाहीत, कोपरे जुळवले तर मध्ये फट राहते. एका कोपऱ्यावर बोट दाबले की समोरचा कोपरा उचलला जातो. तोफ हात न लावता सरकते, आणि लांब भाले घेतलेले सैनिक सारखे एकाच बाजूला कलंडतात. किल्ल्याच्या तटाखालून उजेड दिसतो. पीओपीच्या थरावर एकमेकींना समांतर अशा बारीक भेगा जातात आणि वाळू पापुद्र्यासारखी सुटू लागते. सैनिक ज्यांवर चिकटवलेले असतात ते २ मिमी एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचे) बेसही होडीसारखे वर वळतात.

ही माहिती २ फूट × २ फूट मापाच्या, ४ ते ६ मिमी एमडीएफवर बनवलेल्या बोर्डांसाठी आहे. एमडीएफवर फोम चिकटवून केलेल्या बोर्डांनाही ती लागू पडते.

काही मिलिमीटरने काय बिघडते, असे वाटू शकते. २८ मिमी मापाच्या, म्हणजे साधारण तेवढ्या उंचीच्या, सैनिकांच्या दुनियेत ५ मिमी म्हणजे जवळजवळ फूटभर चढ. ६ मिमी मापात तोच चढ माणसाच्या उंचीएवढा होतो. पानिपतचा १४ जानेवारी १७६१ चा सामना सपाट मैदानावरचा. तिथे बोर्डाने स्वतःहून टेकडी उभी केली, तर इब्राहिमखान गारद्याच्या तोफांना समोरचे काय दिसते यावरच वाद सुरू होतो. असईच्या लढाईचा (२३ सप्टेंबर १८०३) पट मांडला, तर त्याहून कठीण. केळणा आणि जुई या दोन नद्या बोर्डामागून बोर्ड पुढे जातात, आणि नदीचा काठ जोडावर ३ मिमी जरी वरखाली झाला तरी डोळा तिथेच अडकतो.

पहिली तपासणी: टेबल सरळ आहे का?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटे. तरीही ही तपासणी सर्वात जास्त वेळा राहून जाते. घडीचे टेबल मध्ये झुकलेले असते, किंवा दोन घोड्यांवर टाकलेल्या प्लायला पोट आलेले असते, आणि दोष बोर्डाच्या माथी मारला जातो.

बोर्ड त्याच जागी १८० अंशांत फिरवा. फट बोर्डाबरोबर फिरली तर दोष बोर्डात आहे. फट जागच्या जागी राहिली तर टेबलात. टेबलाची खात्री करायला जाड दोरा कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून धरा आणि दोऱ्याखाली किती जागा राहते ते पाहा. मोजायला फीलर गेज नको. उठावाची अक्षरे नसलेले बँकेचे कार्ड ०.७६ मिमी जाड असते, म्हणजे चार कार्डांची चळत साधारण ३ मिमी भरते. बोर्डाच्या कर्णावरही हाच दोरा आणि हीच कार्डे वापरा. तीन कार्डांपर्यंतची फट जोडावर गवताचे झुबके ठेवून झाकली जाते. त्यासाठी बोर्ड खोलण्याची गरज नाही.

दुसरी तपासणी: खेळ नसतो तेव्हा बोर्ड कुठे असतात?

भिंतीला टेकवून उभे? मग ते स्वतःच्या वजनानेच वाकतात. दमट एमडीएफ लाकडापेक्षा मऊ पडतो, आणि एकदा त्या आकारात बसला की पूर्ण सरळ होत नाही. बाथरूमच्या सामाईक भिंतीला लागून, बाहेरच्या भिंतीच्या माळ्यावर, बंद बाल्कनीत किंवा पलंगाखाली थेट फरशीवर ठेवले असतील, तर एका बाजूला सतत ओल आणि दुसऱ्या बाजूला कोरडी हवा अशी स्थिती होते. वाकण्याला एवढेच पुरते.

बोर्ड आडवे ठेवा, भिंतीपासून चार बोटे सोडून. खाली एक-एक इंचाचे दोन-तीन ठोकळे द्या, आणि दोन बोर्डांमध्येही तेवढीच जागा राहू द्या, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी हवा लागेल. पाणी शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे वापरत असाल तर ते बोर्डांच्या खालच्या कप्प्यात ठेवा. त्यात जमणारे पाणी खारट असते. ते सांडले तर बोर्ड तर जातोच, शेजारच्या खिळ्यांना आणि चुंबकांनाही गंज चढतो.

इथे शिशाचे जुने सैनिक असणाऱ्यांसाठी एक सूचना. एमडीएफ आणि ताजे लाकूड बंद जागेत आम्लाची वाफ सोडतात. त्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि धातू आतून खाल्ला जातो. बोर्ड आणि शिशाचे सैनिक एकाच बंद पेटीत ठेवू नका. ती भुकटी विषारी असते. ती घासून उडवू नका, आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.

तिसरी तपासणी: ताट की पालथे ताट?

संपूर्ण दुरुस्ती या एका निरीक्षणावर अवलंबून आहे, म्हणून इथे घाई नको.

कडा वर आणि मध्य खाली, म्हणजे ताट. मध्य वर आणि कडा खाली, म्हणजे पालथे ताट. बोर्ड नेहमी आखूड झालेल्या बाजूकडे वळतो. ताटात वरची बाजू आखूड किंवा खालची लांब झालेली असते. पालथ्या ताटात याच्या उलट.

फरक किती लागतो? ६ मिमी जाडीच्या ६०० मिमी बोर्डाची खालची बाजू वरच्यापेक्षा फक्त अर्धा मिमी लांब झाली, तरी मध्यभाग सुमारे ६ मिमी खाली जातो. १२ मिमी जाडीत तेवढ्याच फरकाने सुमारे ३ मिमी. दोन्ही बाजूंनी सारखीच ओल घेतलेला बोर्ड फुगतो, पण वाकत नाही. ओल कमी करण्याआधी दोन्ही बाजू समान करण्याकडे लक्ष द्यायचे, ते यासाठी.

आपल्याकडे बोर्ड वरून रंगवलेला, वाळू चिकटवलेला, वार्निश मारलेला असतो. तळ मात्र कोरा तपकिरी. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांवर असते, तेव्हा तळ आणि कापलेल्या कडा ओल पितात आणि वरची बाजू बंद असल्याने जशीच्या तशी राहते. परिणाम: ताट. एप्रिल-मेमध्ये त्याच खोलीत रात्रभर एसी चालला की तळ सुकून आखडतो. परिणाम: पालथे ताट. बोर्ड ऋतूप्रमाणे दिशा बदलत असेल, तर कोरा तळ हेच कारण.

दिशा बदलत नसेल, बोर्ड बनवला त्या आठवड्यापासून ताटच असेल, तर दोष गोंदाचा आहे. पांढरा गोंद, म्हणजे आपले फेविकॉल, वाळताना आकसतो. वाळू बसवण्यासाठी निम्मे पाणी घालून तो पृष्ठभागभर फासला, की आधी एमडीएफची वरची बाजू पाण्याने फुगते आणि मध्य किंचित वर येतो. मग गोंद वाळतो, आकसतो आणि कडा वर खेचतो. पीओपीचा ओला थर एमडीएफला तसेच पाणी पाजतो. आपल्यापैकी बहुतेकांचा हात दिवाळीच्या किल्ल्यावर बसलेला असतो. पोत्यावर ओली माती थापायची, वर हळीव पेरायचे. किल्ला आठ दिवस उभा राहिला की पुरे असते, म्हणून तिथे पाणी कितीही चालते. वर्षानुवर्षे वापरायच्या बोर्डावर तेच पाणी नडते.

चौथी तपासणी: वजनकाटा

स्वयंपाकघरातला ५ किलोचा डिजिटल काटा पुरतो. ६ मिमी जाडीचा, २ × २ फुटांचा कोरा एमडीएफ साधारण १.६ ते १.७ किलो भरतो. त्याने पाच-सहा टक्के पाणी ओढले, तर वजन ८० ते १०० ग्रॅमने वाढते. प्रत्येक बोर्डाच्या तळावर पेन्सिलने तारीख आणि वजन लिहून ठेवा. मे महिन्यातली नोंद असेल तर जुलैत नुसत्या वजनावरून कळते की बोर्डाने पाणी घेतले आहे की नाही. वजन वाढलेले नाही आणि तरीही ताट झाले आहे, तर पुन्हा गोंदाकडे बोट जाते.

सोबत तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक खोलीत ठेवला तर उत्तम. घोडबंदर रोडच्या खाडीकडच्या इमारती, वाशी-नेरूळची खाडीलगतची घरे आणि खारघरची डोंगराजवळची घरे, प्रत्येक ठिकाणचा आकडा वेगळा येतो. शेजाऱ्याच्या घरात टिकलेला बोर्ड आपल्याकडे टिकेलच असे नाही.

पाचवी पायरी: पालथा घालून वाळवणे

ताट झालेल्या, वजन वाढलेल्या बोर्डासाठी. सुटी झाडे, घरे काढून घ्या. टेबलावर एक-एक इंच जाडीच्या दोन सरळ पट्ट्या समांतर ठेवा आणि बोर्ड पालथा करून समोरासमोरच्या दोन कडा त्यांवर टेकवा. तळ आता वर आहे आणि मध्य वर उचललेला आहे. मध्यावर २ ते ३ किलो वजन ठेवा. पिठाची न फोडलेली पाकिटे चांगली, कारण ती टोचत नाहीत. वजन एवढेच असावे की बोर्ड सरळ होऊन २-३ मिमी पलीकडे झुकेल, पण खालचा देखावा टेबलाला लागणार नाही. पंखा हळू, एसी ड्राय मोडवर, दोन ते तीन दिवस. रोज एकदा बोर्ड ९० अंशांत फिरवून दुसऱ्या दोन कडा टेकवा.

पालथे ताट असेल तर उलट करायचे. ओल्या फडक्याने तळ फक्त दमट करा, पाणी साचू देऊ नका. बोर्ड सुलटा सपाट टेबलावर ठेवा आणि मध्यावरच्या मोकळ्या जागेत वजन द्या. एक रात्र पुरते.

हेअर ड्रायर, इस्त्री, ओव्हन यांपैकी काहीही वापरू नका. बाहेरचा थर आतल्याआधी सुकतो आणि बोर्ड दुसऱ्या दिशेला पिळतो. ग्लू गनचा गोंद सुटतो, थर्माकोल आणि फोम मऊ पडतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत बोर्ड ठेवणे हाही तसलाच प्रकार.

वाळवल्यावर बोर्ड सरळ झाला आणि आठवडाभर बाहेर राहून पुन्हा वाकला, तर निदान पक्के झाले. पुढच्या पायरीवर जा. सरळ झालाच नाही, तर सातव्यावर.

सहावी पायरी: तळ आणि कडा बंद करणे

भर पावसाळ्यात करता येण्यासारखा स्वस्त उपाय म्हणजे खाकी पॅकिंग टेप. ती प्लास्टिकची असते आणि ओल चांगली अडवते. बोर्ड वाळून सरळ झाल्यावर त्याच दिवशी तळावर ४८ मिमी रुंदीच्या पट्ट्या, एकमेकींवर ८ मिमी चढवून लावा. एका तळाला १५-१६ पट्ट्या लागतात. कडांसह बोर्डामागे साधारण १२ मीटर टेप जाते, म्हणजे ६५ मीटरच्या एका रोलमध्ये पाच बोर्ड होतात. तळ कोरड्या ब्रशने झाडून घ्या, नाहीतर भुशावर टेप धरत नाही. कडांवर टेप वळवताना वरच्या पृष्ठभागावर २-३ मिमी घ्या. एमडीएफच्या कापलेल्या कडा सपाट भागापेक्षा खूप जास्त पाणी पितात. तळ झाकून कडा उघड्या ठेवल्या तर सगळे काम वाया जाते.

कायमचे काम ऑक्टोबरनंतर किंवा मार्च ते मेमध्ये करावे. कडा आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा. मास्क लावा, एमडीएफचा भुसा छातीला वाईट. तेलाचा वूड प्रायमर थोडे टर्पेंटाइन घालून पातळ करा. तळाला दोन हात, कडांना तीन हात, दोन हातांमध्ये पूर्ण एक दिवस. चपड्याचे पॉलिशही ओल उत्तम अडवते आणि लवकर सुकते. पाण्यात विरघळणारा रंग पहिल्या हाताला नको, कारण तोच बोर्डाला पाणी पाजतो. खिडक्या उघड्या ठेवून काम करा. बंद एसी खोलीत टर्पेंटाइन किंवा स्पिरिटचा वास कोंडू देऊ नका, आणि त्या खोलीत देवापुढचा दिवाही नको.

फोम किंवा थर्माकोल जिथे उघडा आहे तिथे स्प्रे पेंट, टर्पेंटाइन किंवा थिनर लागू देऊ नका, तो वितळतो. आणि आर्द्रता ८० च्या वर असताना स्प्रे वार्निश मारू नका, पांढरट धुके बसते. घाई असेल तर पाण्याचे मॅट वार्निश ब्रशने लावा.

सातवी पायरी: मागून उलटा ताण

गोंदाने ओढलेल्या ताटासाठी. वहीचा पुठ्ठा एका बाजूने कागद लावला की वळतो आणि बाइंडर आतल्या बाजूनेही कागद लावून तो सरळ करतो, तेच तत्त्व. बोर्डाच्या मापाचा खाकी कागद दमट करा, तीन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी एकजीव करून तळाला फासा, कागद मध्यापासून कडांकडे हाताने दाबत बसवा. प्लास्टिकचा कागद मध्ये घालून, पाचव्या पायरीसारखा पालथा ठेवून वजन द्या. वाळायला कोरड्या दिवसांत २४ तास, जुलैत ४८ ते ७२. कागद वाळताना आकसतो आणि तळ आपल्याकडे ओढतो. एका कागदाने ५ मिमीचे २ मिमी झाले, तर दुसरा कागद लावा. मग सहाव्या पायरीप्रमाणे तळ बंद करा.

नवीन बोर्ड बनवताना हा खटाटोप टाळता येतो: देखाव्याला हात लावण्याआधी दोन्ही बाजू आणि कडा प्रायमरने बंद करा. प्रायमर १२० नंबरने हलका खरवडा म्हणजे गोंद धरेल. वाळू दोन टप्प्यांत बसवा आणि गोंदात पाणी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घालू नका. वर जितके हात दिले तितके खालीही द्या.

आठवी पायरी: उभ्या पट्ट्या

बोर्डाचा वाक ८ मिमीच्या पुढे असेल तर सरळ केलेल्या आणि बंद केलेल्या बोर्डाखाली १२ × २५ मिमीच्या, चांगल्या सुकलेल्या पाइनच्या पट्ट्या चारी कडांना आणि एक मध्ये. पट्टी आडवी चिकटवू नका, २५ मिमीची बाजू उभी ठेवा. उभी पट्टी तीच लाकडे आडवी लावण्यापेक्षा चौपटीहून जास्त ताठ असते. इपॉक्सीने चिकटवून २४ तास वजनाखाली ठेवा. देखावा असलेल्या ६ मिमी बोर्डात खालून स्क्रू मारण्याचा मोह नको, टोक वर निघते. पट्ट्या एका बोर्डाला लावल्या की सगळ्यांनाच लावाव्या लागतात, नाहीतर उंची जुळत नाही. त्यामुळे एखाद-दुसराच बोर्ड बिघडला असेल, तर नवीन बनवणे कमी कष्टाचे.

बेसचे थोडक्यात

४० × २० किंवा ४० × ४० मिमीचे २ मिमी एमडीएफ बेस होडी झाले असतील, तर तळावर कटरने अर्ध्या जाडीच्या तीन-चार रेघा मारा. दाबून सरळ करताना त्या चिरा मिटतात. मग खाली पातळ पत्रा चिकटवा. चुंबकी शीटच्या पेटीत पत्र्याचे बेस घट्ट बसतात, हा वेगळा फायदा. ठाणे-वाशी लोकलमधून सैनिक नेताना तोच उपयोगी पडतो. नवीन बेस ३ मिमी ॲक्रिलिकचे कापून घ्यावेत.

कुठे थांबायचे

एमडीएफची कड फुगून जाड झाली असेल, बोटाने दाबल्यावर भुसा पडत असेल, तर तो बोर्ड गेला. तो दाबून, चिकटवून पूर्ववत होत नाही. देखावा सपाट सुऱ्याने उचलून नव्या बोर्डावर घ्या. नवा बोर्ड ओल न पिणारा निवडा: ५ मिमी सनबोर्ड (प्लास्टिकच्या फोमची शीट) खाली पट्ट्या देऊन, किंवा २५ मिमीचा निळा-गुलाबी इन्सुलेशन फोम. एमडीएफच हवा असेल तर जाड आणि ओल सहन करणारा एचडीएचएमआर. प्लायवूडच्या दुकानातून सगळे तुकडे एकाच दिवशी, एकाच शीटमधून कापून घ्या, म्हणजे माप आणि जाडी जुळेल.

तळावर करवतीच्या समांतर चिरा पाडून ताण सोडवणे हे काम सुताराचे. ६ मिमी बोर्डात ३ मिमी खोलीची चीर मोटरच्या करवतीने, तीही पालथ्या देखाव्यावर, घरच्या टेबलावर कोणी करू नये. सुताराला बोर्डाची जाडी, देखाव्याची सर्वात उंच जागा आणि कुठे खिळा किंवा तार लपली आहे हे आधी सांगा. पात्याला तार लागली तर तुकडा उडतो.

बोर्ड वारंवार एकाच भिंतीजवळ बिघडत असतील, तिथे रंगाला फोड आले असतील किंवा काळी-हिरवी बुरशी असेल, तर दुरुस्ती भिंतीची आहे. प्लंबर किंवा वॉटरप्रूफिंगवाल्याला दाखवा, आणि वरच्या मजल्यावरून गळती असेल तर सोसायटीला लेखी कळवा. भिंतीच्या ओलीतून स्विचबोर्डाला पाणी लागत असेल तर मेन स्विच बंद करून आधी इलेक्ट्रिशियन. एसीचे पाणी आत ठिबकत असेल तर मेकॅनिक. बुरशी बोर्डावर पसरली असेल आणि घरात कोणाला दमा असेल, तर झाडू-ब्रश लावू नका. बोर्ड पिशवीत बांधून बाहेर काढा.

दुरुस्त केलेला बोर्ड लगेच खेळात घेऊ नका. सात दिवस त्याच्या नेहमीच्या जागी ठेवा, तळावर नवे वजन लिहा, आणि कर्णावर दोरा ताणून कार्डे पुन्हा सरकवून पाहा.